इलेक्ट्रोपोरेशन फसतंय? व्होल्टेजला हात लावण्याआधी या चुका टाळा

इलेक्ट्रोपोरेशन म्हणजे विजेचा झटका देऊन पेशींमध्ये डीएनए घालणं. बटण दाबलं की क्युवेटमधून, म्हणजे दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये सेल्स भरायच्या छोट्या डबीतून, फट्ट असा आवाज येतो, आत क्षणभर ठिणगी दिसते, आणि आपल्याला कळतं की सकाळपासून बर्फात हात गारठवून बनवलेले सेल्स गेले, सोबत जपून ठेवलेला डीएनएपण गेला. मग बहुतेक जण पहिलं काय करतात तर मशीनवरचं व्होल्टेज कमी करतात. तिथेच थांबा. ई. कोलाय या बॅक्टेरियासाठी पट्ट्यांमध्ये 0.1 सेमी गॅप असलेल्या क्युवेटला 1.8 केव्ही (किलोव्होल्ट), 0.2 सेमीला 2.5 केव्ही, 25 मायक्रोफॅरड आणि 200 ओहम, हे सेटिंग कितीतरी लॅबमध्ये वर्षानुवर्षं चालतंय, ते तुमच्याकडेच बिघडायचं काही कारण नाही. बिघडलेलं असतं ते क्युवेटमध्ये आहे.

आधी सोपी चूक काढून टाकू. 0.1 सेमीच्या क्युवेटला चुकून 2.5 केव्ही दिलं की दर सेंटिमीटरला 25 केव्ही होतात आणि ठिणगी पडणारच. टोपीच्या रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो, पाकिटावर गॅप छापलेला असतो तो वाचा.

आता खरी गोष्ट, मीठ. विजेच्या पल्सने पेशीच्या पडद्याला थोड्या वेळापुरती बारीक भोकं पडतात आणि डीएनए आत शिरतो. 1982 साली एबरहार्ड न्यूमन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींमध्ये असाच जीन घालून दाखवला होता. पण सँपलमध्ये मीठ असेल तर पडद्यावर ताण यायच्या ऐवजी करंट सरळ पाण्यातून धावतो. हिशोब करून बघा, 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 1.8 केव्हीला चार्ज झाला की त्यात साधारण 40 ज्युल ऊर्जा असते, आणि 50 मायक्रोलिटर पाणी बर्फाच्या तापमानापासून उकळीला न्यायला 21 ज्युल पुरतात. सँपलचा रेझिस्टन्स चांगला असेल तर यातली बरीचशी ऊर्जा मशीनमधल्या 200 ओहमच्या रेझिस्टरमधून जाते, खारट असेल तर सगळा मार तुमच्या सेल्सवर.

हे मीठ येतं कुठून? सगळ्यात जास्त वेळा धुण्यातून. 10% ग्लिसरॉलमध्ये पेलेट, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवलेला सेल्सचा गोळा, घट्ट बसत नाही, दर वॉशला आणखी सैल होतो, ट्यूब तिरकी केली की कडेने घसरायला लागतो, मग तो जाईल या भीतीने आपण वरचं दोन-तीन मिली पाणी तसंच ठेवतो आणि एलबीमधलं (सेल्स ज्यात वाढवले त्या द्रवातलं) मीठ पुढे पुढे जात राहतं. मीपण सुरुवातीला कितीतरी दिवस हेच करायचे. त्यापेक्षा ट्यूब बाहेर आली की लगेच, पेलेट सुटायच्या आत, पेलेटच्या विरुद्ध बाजूने पिपेटने हळूहळू पाणी ओढा, ओतू नका. थोडे सेल्स गेले तर जाऊ देत, ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) 0.4 ते 0.6 ला काढलेल्या कल्चरमध्ये सेल्सची कमी नसते.

दुसरी जागा म्हणजे लायगेशन मिक्स, डीएनएचे तुकडे जोडायचं मिश्रण. तुकडे जोडणाऱ्या टी4 लायगेज या एन्झाइमच्या बफरमध्ये 10 मिलिमोलर मॅग्नेशियम असतं, त्यातले 5 मायक्रोलिटर 50 मायक्रोलिटर सेल्समध्ये घातले की आवाज येणारच. 1 मायक्रोलिटर घाला, किंवा आधी 65 अंशाला 10 मिनिटं ठेवून लायगेज मारा आणि मग कॉलमवर साफ करून पाण्यात काढा. क्विक लायगेशन किटच्या बफरमध्ये पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) असतं, ते गरमही करू नका आणि तसंच इलेक्ट्रोपोरेशनलाही वापरू नका, साफ करणं हाच उपाय.

ठिणगी पडली नाही पण प्लेटवर कॉलनी (डीएनए घेतलेल्या सेल्सपासून वाढलेले ठिपके) कमी आल्या, तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे पल्स ओसरायला किती वेळ लागला तो आकडा, बघा. 200 ओहम गुणिले 25 मायक्रोफॅरड म्हणजे 5 मिलिसेकंद, स्क्रीनवर 4.5 च्या वर आलं तर मीठ ठीक आहे, 4 च्या खाली आलं तर वॉश कमी पडलेत. हा आकडा दर वेळी वहीत लिहा, फार लोक लिहीत नाहीत.

थंडावा हा वेगळाच विषय आहे, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर जास्तच. सेंट्रिफ्यूज 4 अंशावर लावला म्हणजे रोटर थंड झाला असं नाही, तो धातूचा जड गोळा आहे, आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा. क्युवेटही बर्फात ठेवा, पण मशीनमध्ये घालताना बाहेरून टिश्यूने कोरडी पुसा, धातूच्या पट्ट्यांवर पाणी असलं तरी ठिणगी पडते. आणि सेल्स भरल्यावर टेबलावर हळूच ठोका, बुडबुडा राहायला नको.

पल्स दिल्यावर मात्र घाई करा. 1 मिली एसओसी (सेल्सना सावरायला द्यायचं पोषक द्रव) आधीच पिपेटमध्ये भरून शेजारी तयार ठेवा आणि लगेच क्युवेटमध्ये सोडा, कारण एका मिनिटाचा उशीर झाला तरी कॉलनी झपाट्याने कमी होतात. मग 37 अंशाला एक तास हलवत ठेवा.

हे सगळं ई. कोलायबद्दल चाललंय. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींना हे सेटिंग देऊ नका, त्यांना खूप कमी फील्ड लागतं आणि बफरही वेगळा असतो.

शेवटी कंट्रोल. दर बॅचला 10 पिकोग्रॅम पीयूसी19 (नेहमीच्या वापरातला गोल डीएनए, प्लास्मिड) घालून एक पल्स द्या. 1 मिलीतले 100 मायक्रोलिटर पसरून 200 कॉलनी आल्या तर एकूण 2,000, म्हणजे दर मायक्रोग्रॅमला 20 कोटी, अशा सेल्सवर साधं क्लोनिंग निवांत होतं. कंट्रोल भरभरून आलं आणि तुमची प्लेट रिकामी, तर सेल्सना सोडा, लायगेशन पुन्हा लावा.