नान्टुकेट बेटावर अर्धा तास कसं बोलावं

चेंदणी कोळीवाड्याजवळ आमचा ज्येष्ठांचा कट्टा आहे. महिन्यातून एकदा कुणीतरी एक विषय मांडतं. मी अमेरिकेतलं नान्टुकेट बेट दोनदा सांगितलं. पहिल्यांदा शाळेतल्या सवयीने सनावळी घेऊन बसले. १६५९ साली इंग्रजांनी ३० पौंड आणि बीव्हर या प्राण्याच्या केसांच्या दोन टोप्या देऊन बेट विकत घेतलं, इथवर पोचले तोवर पुढची रांग पेंगत होती. दुसऱ्यांदा जमलं, ते असं.

सुरुवात 'उलटी'ने करा. ठाण्यात व्हेलची उलटी पकडल्याची बातमी सगळ्यांनी वाचलेली असते, त्यामुळे लगेच माना वर होतात. मग सांगा, ती ज्या देवमाशाची, त्या स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणाच्या मेणबत्त्या आणि चरबीच्या तेलाचे दिवे विकून अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्सपासून ४८ किलोमीटरवरचं हे वाळूचं बेट गब्बर झालं. वाम्पानोआग हे तिथले मूळ रहिवासी विसरू नका. गोरे यायच्या आधीपासून बेट त्यांचं होतं.

मग एकच प्रश्न टाका: पुरुष दोन-दोन, तीन-तीन वर्षं बोटीवर, तर घर कोण चालवणार? आमच्या कट्ट्यावर चार बायका एकदम बोलल्या, "आम्हीच!" माझी आईसुद्धा पहाटे टोपली घेऊन बाजारात जायची आणि हिशेब बोटांवर ठेवायची. नान्टुकेटच्या बायकांनी सेंटर स्ट्रीटवर इतकी दुकानं चालवली की त्या रस्त्याचं नावच 'पेटिकोट रो' पडलं. परकर आळी म्हणा, हशा पिकतो.

इथे मरिया मिचेलला आणा आणि घाई करू नका. जन्म १८१८. वडील खलाशांची घड्याळं ताऱ्यांवरून तपासून देत, लेकीलाही शिकवलं. ती तिथल्या ग्रंथालयात काम करायची. १ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री घरी पाहुणे असताना ती गच्चीवर सटकली आणि दुर्बिणीतून तिला नवा धूमकेतू दिसला. डेन्मार्कच्या राजाने सुवर्णपदक दिलं. पुढे ती वासार कॉलेजात प्राध्यापक झाली. स्त्री-हक्कांसाठी लढलेली लुक्रिशिया मॉट याच बेटावर जन्मली. अ‍ॅब्सलम बॉस्टनही इथलाच. त्याने १८२२ साली सगळे कृष्णवर्णीय खलाशी घेऊन व्हेलच्या शिकारीचं जहाज नेलं. त्याला निदान दोन मिनिटं द्या.

'एसेक्स' जहाजाची गोष्ट मात्र शेवटाकडे ठेवा. १८२० मध्ये व्हेलने धडक देऊन ते बुडवलं, वाचलेल्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. हे आधी सांगितलंत तर पुढे कुणी दुसरं काही ऐकत नाही. त्यातही मला कप्तान पोलार्ड आवडतो. त्याचं दुसरं जहाजही बुडालं आणि मग तो गावात रात्रीचा पहारेकरी झाला.

ऱ्हास शब्दांनी सांगू नका, परात घ्या. परातीत ओली वाळू पसरा, मध्ये उंचवटा करा, वर पाणी ओता. करवंटीत नाणी भरून सोडा. उंचवट्यावर ती रुतते. नान्टुकेटच्या बंदराच्या तोंडाशी असाच वाळूचा दांडा होता आणि भरलेली मोठी जहाजं आत येईनात. आपल्या खाडीचा गाळ पाहिलेल्यांना हे समजवावं लागत नाही. मग करवंटीला दोन्ही बाजूंनी रिकाम्या, बूच लावलेल्या लहान बाटल्या बांधा; ती उचलली जाते. १८४२ पासून त्यांनी असेच दोन मोठे तरंगते हौद जहाजाला बांधले. त्यांना 'कॅमल' म्हणत. पाणी भरून हौद बुडवायचे, जहाजाखालून साखळ्या घालायच्या, मग पाणी उपसायचं. तरी धंदा मुख्य भूमीवरच्या न्यू बेडफर्ड बंदराकडे गेलाच. १८४६ च्या आगीत तेलाची गोदामं पेटली, १८५९ मध्ये पेन्सिल्वेनियात जमिनीतून तेल निघालं, १८६९ मध्ये व्हेलच्या शिकारीचं शेवटचं जहाज गेलं. हे तीन वाक्यांत आटपा.

परात मात्र जुनी न्या. आमच्या सूनबाईंच्या पोळ्यांत आठवडाभर वाळू कचकचत होती.