टीबीचा कोर्स संपला तरी छातीत दुखतंय? मग आधी हे करा

मला उजव्या फुफ्फुसाच्या आवरणात पाणी झालेलं. ६ महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या, कोर्स संपला, तरी जोरात शिंक आली की बरगडीखाली चमक यायची आणि पोटात गोळाच यायचा, परत आलं की काय? तुमचंही असं होत असेल तर घाबरू नका, पण अंगावरही काढू नका.

पहिलं काम म्हणजे कोर्स संपतानाचा एक्स-रे शोधा आणि नवीन काढून दोन्ही एकत्र डॉक्टरांना दाखवा. (आमच्याकडे पावसाळ्यात फिल्म ओल धरते, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.) माझ्या डॉक्टरांनी दोन्ही खिडकीशी धरून दाखवले, उजवीकडचा खालचा कोपरा दोन्हीत तसाच बोथट होता, म्हणाले जंतू गेले पण आवरण जाड होऊन चिकटलंय, खोल श्वास घेतला की ते ताणतं म्हणून दुखतं. असं दुखणं बरेच महिने राहू शकतं.

पण संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, वाढता खोकला यातलं काही असेल तर बेडका तपासायलाच हवा. सीबीनॅटमध्ये (बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) मेलेले जंतूही दिसू शकतात, त्यामुळे आधी टीबी झालेल्यांनी कल्चरबद्दल (जंतू वाढवून ते जिवंत आहेत का ते बघायची तपासणी) नक्की विचारा. आणि घरात उरलेल्या जुन्या गोळ्या स्वतःच्या मनाने चालू करू नका, हे हात जोडून सांगते, अर्धवट औषधाने जंतू दाद देईनासे होतात.

थुंकीत रक्त, अचानक धाप, किंवा छातीवर दडपण येऊन डाव्या हातात कळ गेली तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही, लगेच १०८ ला फोन. प्रत्येक दुखणं टीबीचंच नसतं, हार्टचंही असू शकतं.

डॉक्टरांनी चिंतेचं नाही म्हटलं की मग व्यायाम. मला तीन बॉलवाला स्पायरोमीटर दिला, खुर्चीत ताठ बसून नळीतून हळूहळू श्वास आत ओढायचा, थोडा धरायचा, सोडायचा, १० वेळा झालं की थांबायचं, चक्कर आली तर लगेच. पहिल्या आठवड्यात एकच बॉल हलायचा, रडू आलं होतं मला. खोकताना दुखत्या बाजूला उशी घट्ट दाबून धरा, खूप फरक पडतो. शेक कोमट कपड्याचा, आणि दुखण्याची गोळी विचारूनच, टीबीच्या औषधांनी लिव्हरला त्रास झाला असेल तर हे आवर्जून सांगा.

चुलीचा धूर, भाजावळीचा धूर आणि विडी यांपासून लांबच राहा. घाटीच्या पायऱ्यांवर पाण्याचा हंडा घेऊन चढायची घाई नको, मी केली आणि दोन दिवस आडवी होते.

सरकारी कार्यक्रमात कोर्सनंतर २ वर्षं, दर ६ महिन्यांनी तपासणी असते. बोलावणं आलं नाही तरी आपणच प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, जाताना दुखणं कधी, किती वेळ, कशाने वाढतं ते कागदावर लिहून न्या, समोर गेलं की निम्मं विसरायला होतं.