अंजनी ओळखताना या चुका टाळा

अंजनीला बहर आला की चुकायला जागाच उरत नाही. फांद्यांना निळी लोकर गुंडाळून ठेवल्यासारखी दिसते. गोची होते ती उरलेल्या वर्षभर, झाड नुसतं हिरवं असतं तेव्हा. माझ्या जुन्या वहीत महाबळेश्वरच्या नोंदींत तीन ठिकाणी 'जांभूळ, लहान' असं लिहिलंय. तिन्ही अंजन्या होत्या.

आधी नावाचा घोळ. बरेच जण अंजनीला सरळ 'अंजन' म्हणतात आणि मग माहिती शोधताना हाती लागतो तो खानदेश-सातपुड्याच्या कोरड्या रानातला अंजन, म्हणजे हार्डविकिया बायनाटा. तो शेंगा धरणारा, उंच वाढणारा. त्याच्या पानाला दोनच पर्णिका, आपट्याची आठवण करून देणाऱ्या. अंजनी म्हणजे मेमेसिलॉन अंबेलॅटम, सह्याद्रीच्या सदाहरित रानातलं छोटं झाड. पान साधं, समोरासमोर. सह्याद्रीच्या जुन्या याद्यांत मेमेसिलॉन एड्यूल असं नाव दिसलं तर तीही बहुधा हीच, वेगळी मोजू नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जांभळापाशी. त्याचीही पानं साधी, समोरासमोर, चिवट. शिवाय दोघं शेजारी वाढतात. महाबळेश्वर-माथेरानच्या जंगलप्रकाराला अभ्यासक अंजनी-जांभूळ-पिसा असंच म्हणतात. पिसा चटकन वेगळा काढता येतो, त्याची पानं फांदीवर झुबक्याने येतात. उरलेल्या दोघांसाठी एक पान घ्या आणि उजेडासमोर धरा. जांभळाच्या पानात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, शिरा दाट आणि समांतर असतात, त्यांना जोडणारी एक शीर कडेलगत धावते. चुरगाळलं तर वास येतो. अंजनीच्या पानात यातलं काहीच नाही. मधली शीर वरच्या बाजूने पन्हळीसारखी खोलगट, बाकीच्या शिरा असून नसल्यासारख्या. जाड, गुळगुळीत, लव नाही. आपण सवयीने काहीतरी ठळक शोधतो, म्हणून हे पान नजरेतून निसटतं. दोन देठांच्या मधोमध उपपर्णही (देठाच्या तळाशी येणारं इवलंसं पान) नसतं, त्यामुळे कॉफीच्या कुळातली समोरासमोर पानांची झाडं तिथेच बाद होतात.

कुळाचं पुस्तकी लक्षण इथे लावू नका. मेलास्टोमाच्या कुळात पानाच्या तळापासून टोकापर्यंत कमानीसारख्या तीन-पाच ठळक शिरा असतात, हे खरं. अंजनीला बहुतेक वर्गीकरणांत याच कुळात जागा आहे, पण तिच्या पानात त्या कमानी नाहीत.

छोटं दिसलं म्हणून 'रोप' लिहून मोकळं होणं, हीदेखील नेहमीची चूक. वारा झोडपणाऱ्या कड्यावर पुरं वाढलेलं झाडही झुडपासारखंच राहतं. बुंधा बघा, उभ्या बारीक भेगा पडलेल्या सालीवरून वय कळतं.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास फुलं शोधायची ती शेंड्याला नाही. ती पानांच्या बगलेत आणि फांदीच्या जुन्या, पानं झडलेल्या भागावर घोसाने येतात. भिंग असेल तर एकच फूल नीट बघा: खाली गुलाबीसर पेला, चार निळ्या पाकळ्या, आठ पुंकेसर आणि परागकोशाच्या पाठीवर खोलगट तेलग्रंथी. मोबाइलच्या फोटोत हा निळा हमखास जांभळा होतो, तेव्हा रंग तिथेच वहीत लिहून ठेवा.

फळ वाटाण्याएवढं. हिरव्याचं पिवळं, मग लाल, शेवटी काळपट जांभळं. आत एकच बी आणि डोक्यावर पेल्याच्या कडेचं कडं. आता जांभळाच्या फळातही साधारण एकच बी आणि टोकाला तसलंच कडं असतं, म्हणून नुसत्या फळावरून नाव लिहायला गेलात तर माझ्या वहीसारखं होईल. परत पान उजेडात धरा.