दाबोळी ते मोपा : हाताशी किती वेळ ठेवायचा?

मी म्हापशाची. नातलगांपैकी कुणी गोव्याला निघालं की आधी मला फोन येतो. आमच्या वन्संनी मात्र गेल्या मे महिन्यात न विचारता तिकिटं काढली. गोव्यात विमानतळ दोन : उतरायचं दाबोळीला, परत जायचं मोपाहून. दोन्हीकडे ‘गोवा’च लिहिलेलं, त्यामुळे परतताना त्या पुन्हा दाबोळीलाच गेल्या. दारावरच्या जवानाने तिकीट बघून सांगितलं, “बाई, तुमचं विमान इथून नाही.” मग धावाधाव झाली, टॅक्सी पर्वरीत अडकली, विमान गेलं आणि वन्सं रात्री माझ्याकडे जेवायला.

म्हणून आधी तिकिटावरची तीन अक्षरं वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपाहून विमानं सुटू लागली जानेवारी २०२३ मध्ये. दाबोळीही चालूच आहे.

आता अंतर. मोपा दाबोळीच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. अक्षांशात सुमारे ०.३५ अंशाचा फरक, एका अंशाचे १११ किलोमीटर धरले तर ३९ येतात. विमानाच्या वेगाने भागलं तर जेमतेम तीन मिनिटं! हा हिशेब बघून खूश होऊ नका, कारण तुम्ही जाणार रस्त्याने, आणि मध्ये जुवारी, मांडवी, शापोरा अशा तीन नद्या आहेत.

रस्त्याचे तुकडे पाडून मोजा. दाबोळी ते पणजी २७-२८ किलोमीटर, पणजी ते म्हापसा १३, पुढे कोलवाळचा पूल ओलांडून धारगळवरून मोपापर्यंत विसेक. एकूण साठीच्या थोडं वर. पहिल्या तुकड्याची आता काळजी नाही. जुवारीच्या जुन्या पुलावर कुठ्ठाळीला तासन्‌तास खोळंबा व्हायचा, तो नवा पूल झाल्यापासून गेला. मांडवीवरही अटल सेतूने पणजी बाहेरच्या बाहेर टळते. खरी मेख पर्वरीत. तिथे उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून मी घड्याळावर विश्वास ठेवणं सोडलं आहे. पहाटे सगळा प्रवास सव्वा तासात होतो. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर दोन तास तर धराच, पावसाळ्यात अडीच.

वेळ मात्र उलटी मोजायची. समजा, दाबोळीला उतरून त्याच दिवशी मोपाहून रात्री ९ चं देशांतर्गत विमान पकडायचं आहे. सामान घेण्याचं काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे ८ ला बंद होणार. रांगेसाठी आणखी एक तास, म्हणून ७ ला मोपाच्या दारात हवं. रस्ता ऐन गर्दीचा, तेव्हा अडीच तास काढून दाबोळी ४:३० ला सोडायची. बॅगा पट्ट्यावर येऊन टॅक्सी मिळेपर्यंत पाऊण तास सहज जातो. म्हणजे तुमचं पहिलं विमान ३:४५ च्या आत टेकायला हवं. त्यालाच उशीर झाला तर? तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून मी त्यात आणखी दीड तास घालते. वन्संना हे कंजूषपणाचं उलटं टोक वाटतं.

कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने पैसे वाचतात, पण पणजीला बस बदलावी लागली तर तासभर वाढवा. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हणू नका, ‘मोपा’ म्हणा. आणि वेळ उरला म्हणून वाटेत म्हापशाच्या बाजारात चोरिस (गोव्याचं सॉसेज) घ्यायला उतरू नका, शुक्रवारी तर नाहीच. मी आणून ठेवीन, फोन करा.