निष्ठेचा फोटो काढायला निघण्यापूर्वी: तुळशीपुढचा दिवा आणि वरची काजळी

निष्ठा ही कल्पना एका फोटोत दाखवायची म्हटली की बहुतेक जण ज्योतीवर कॅमेरा रोखतात. ज्योत देखणी असते, पण ती आजच्या संध्याकाळपुरतंच बोलते. शिवाय स्थिर ज्योतीला आपल्याकडे आधीच एक अर्थ चिकटलेला आहे. गीतेच्या 6व्या अध्यायात (श्लोक 19) वारा नसलेल्या जागचा दिवा ही योग्याच्या आवरलेल्या चित्ताची उपमा आहे, निष्ठेची नव्हे. रोज कातरवेळी कुणीतरी न चुकता दिवा लावतं याची खूण असते ती वृंदावनाच्या कोनाड्यात वर चढलेली काजळी. म्हणून फोटोचा विषय काजळी ठरवावी आणि ज्योत तिच्या सोबतीला ठेवावी. सगळी तयारी या एका निर्णयावर बेतायची आहे.

आधी हंगाम पाहावा. कार्तिकात कोकण सुंदर दिसतं, खळी (घरापुढची अंगणं) नव्याने सारवलेली असतात, पण नेमकं तेव्हाच काम फसतं. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनं घासून, चुना किंवा रंग देऊन कोरी केलेली असतात आणि वर्षाची काजळी त्यात जाते. मार्गशीर्षापासून ती पुन्हा धरू लागते. माघ-फाल्गुनात पुरेसा थर बसलेला असतो आणि हवाही बऱ्यापैकी स्वच्छ असते. वैशाखात थर आणखी जाड होतो, पण आभाळ धुरकट असतं आणि संध्याकाळचा निळा रंग मळतो. पावसाळ्यात काही घरांत दिवा पडवीत येतो, तेव्हा तो काळ सोडूनच द्यावा.

घर निवडताना चुना लावलेलं वृंदावन शोधावं. उघडा जांभा दगड डोळ्याला छान वाटतो, पण त्याची भोकं मुळातच काळपट असतात आणि काजळी त्यात हरवते. गुळगुळीत टाइल्स लावलेल्या नव्या वृंदावनावरची काजळी एका फडक्याने निघते, त्यामुळे तिथे थर साचतच नाही. दीपमाळेचा मोह होईल. ती उजळते उत्सवाला, आणि आपल्याला हवा आहे रोजचा नेम, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये.

जागा दुपारी एकदा पाहून यावी. कोनाडा पश्चिमेला उघडत असेल तर मावळतीचा उजेड थेट आत येतो आणि दिवा फिका पडतो. अशा ठिकाणी थोडं उशिरा काम सुरू करावं लागेल. पडवीतला दिवा कुठून पडतो, रस्त्यावरचा खांब किती लांब आहे, हेही तेव्हाच कळतं. परवानगीही याच वेळी मागावी: “आजी, तुम्ही दिवा लावाल तेव्हा इथे बसून एक-दोन फोटो काढू का? थोडा वेळ पडवीतली ट्यूब बंद ठेवली तर चालेल ना?” चपला खळ्याबाहेर काढाव्यात. ट्रायपॉडच्या टोकांनी सारवणाचे पोपडे निघतात, म्हणून त्या टोकांना रबरी बूट घालावेत किंवा खाली बारदान अंथरावं. तिन्हीसांजेनंतर तुळशीला हात लावत नाहीत. फ्रेममध्ये फांदी आडवी येत असेल तर कॅमेरा हलवायचा, फांदी नाही.

पिशवीत ट्रायपॉड, फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला 50 किंवा क्रॉप (लहान) सेन्सरला 35 मिलिमीटरची लेन्स, रिमोट (नसल्यास 2 सेकंदांचा टायमर), मऊ फडकं आणि बसायला चटई एवढं पुरे. फ्लॅश घरी ठेवावा. गाडीतल्या एसीतून आलेली लेन्स दमट हवेत लगेच धुकटते, तेव्हा बॅग बंद ठेवूनच 20-30 मिनिटं बाहेर राहू द्यावी.

फेब्रुवारीत रत्नागिरी-देवगड पट्ट्यात सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान बुडतो. दिव्याचा आणि आभाळाचा उजेड जुळतो तो त्यानंतरच्या साधारण 12 ते 20 मिनिटांत. दिवसभराचा खारा वारा तोवर बहुधा पडलेला असतो आणि मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा रात्रीचा वारा) सुरू व्हायची असते, हाही फायदाच. पण त्या घरातली दिवा लावायची वेळ याच्याशी जुळेलच असं नाही. आपल्यासाठी त्यांना थांबवू नये. ती वेळ आधी विचारून, जुळत नसेल तर दुसरं घर बघावं.

पणती, वात, तेल त्यांचंच असू द्यावं. वात सेंटिमीटरहून जास्त बाहेर असली तर ज्योत उंच होऊन धूर सोडते आणि मागची काजळी धुरात झाकली जाते. “जरा आत ओढाल का?” एवढं विचारायला हरकत नाही. काजळी कमी वाटली म्हणून काळा रंग फासणं मात्र दुहेरी चूक. एक तर ती कुणाची तरी पूजेची जागा आहे. दुसरं म्हणजे ते लपत नाही: खरी काजळी ज्योतीच्या बरोबर वर दाट असते आणि जिभेसारखी निमुळती होत विरते, तर हाताने फासलेली सपाट दिसते.

कॅमेरा कोनाड्याच्या उंचीवर, मीटरभर अंतरावर आणि समोरून थोडा बाजूला लावावा. इथे सर्वांत जास्त फोटो वाया जातात, कारण काजळी आणि सावली फोटोत सारखीच काळी दिसते. काजळीची कड आणि तिच्या शेजारचा स्वच्छ चुना दोन्ही फ्रेममध्ये हवेत, आणि ज्योतही हवी; ज्योतीच्या अगदी वर सावली पडणार नाही हे पाहणाऱ्याला न सांगता उमगतं. सुरुवात आयएसओ 400, एफ/4, पाव सेकंद अशी करावी. ज्योत हलल्याने फार पुसट झाली तर आयएसओ 3200 करून 1/30ला यावं, उजेड तेवढाच राहतो. व्हाइट बॅलन्स 3200 ते 3500 केल्व्हिनवर पक्का करावा, ऑटोवर ज्योतीचा पिवळेपणा जातो. फोनवर नाइट मोड आणि एचडीआर बंद करावेत, ते काजळीला राखाडी करून टाकतात. फोकस आणि उजेड चुन्याच्या कडेवर लॉक करून एक पायरी खाली आणावं.

वाऱ्याला आडोसा करणारा हात मिळाला तर घ्यावा, त्याने अर्थ वाढतो. हिरव्या बांगड्या फ्रेममध्ये आल्या की मात्र नजर सौभाग्याकडे वळते. बांगड्या काढायला सांगायचं नसतं, नुसती बोटं येतील अशी चौकट करायची. उजळलेला चेहरा आला की ते व्यक्तिचित्र होतं. शंख, समुद्र, मागचे माड, सगळं बाहेर.

घरी आल्यावर एडिटिंगमध्ये सावल्या उजळणारा शॅडोचा स्लायडर ओढू नये. ज्योतीचा गाभा पांढरा पडला तरी चालेल. जीपीएसची नोंद आणि घराची ओळख काढून टाकावी. मग 4 बाय 6 इंचाचा एक प्रिंट काढावा, लस्टर (किंचित चकाकीच्या) कागदावर, कारण मॅटवर गडद काळ्यातले फरक मिटतात. तो कुणालाही दाखवून विचारावं, “हे वरचं काळं काय आहे?” उत्तर “सावली” आलं तर दुसऱ्या संध्याकाळी ट्रायपॉड फूटभर बाजूला सरकवून पुन्हा बसावं.