पीएचं शिकताय? बेळगावकडच्या पोरांनी या चुका टाळा

आमच्याकडे "मुलगा पीए होतोय" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या आमदाराचा?" चूक त्यांची नाही. पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरच्या हाताखाली पेशंट बघणारा मदतनीस. हे शिक्षण भारतात सुरू झालं १९९२ साली, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने. खानापूर-निपाणीपर्यंत ते अजून नीट पोचलेलं नाही. त्यामुळं चुका अ‍ॅडमिशनपासूनच सुरू होतात.

फी विचारली, हॉस्पिटल विचारलं नाही

कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का, तिथे रोज ऑपरेशनं होतात का, इंटर्नशिप कुठल्या विभागांत फिरवून देतात, हे आधी विचारा. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत फिजिशियन असोसिएट, म्हणजे पीएच, हा व्यवसाय आहे. हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांची पदवी लागते, तीही तीन ते सहा वर्षांत पुरी केलेली. या कायद्याखालचे कोर्स दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन द्यायला यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंदी घातली आहे. "घरबसल्या एमएस्सी" असं कुणी सांगितलं तर चहा पिऊन उठा.

सीमाभागाची आपली एक वेगळी अडचण. दहावी निपाणीत, बारावी कोल्हापुरात अशी पोरं खूप. कर्नाटकातल्या व्यावसायिक कोर्सच्या सरकारी कोट्याला सहसा राज्यात सात वर्षं शिकल्याचा दाखला मागतात. उलट महाराष्ट्रात ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी सीमाभागाचा कोटा असतो, पण तो सगळ्या कोर्सना लागू नसतो. दोन्हीकडचे कागद आधीच काढून ठेवा आणि तुमच्या कोर्सला काय चालतं ते प्रवेशाच्या पुस्तिकेत बघा, एजंटाच्या तोंडून नको.

अमेरिकेचं स्वप्न असेल तर एवढंच. हा व्यवसाय १९६५ मध्ये तिथल्याच ड्यूक विद्यापीठात सुरू झाला. आज तिथे पीएला मास्टर्स लागतं आणि लायसन्सची परीक्षा तिथल्याच मान्यताप्राप्त कोर्समधून आलेल्यालाच देता येते. इथली पदवी दाखवून त्या परीक्षेला बसता येत नाही.

पेशंटचं बोलणं स्वतःच्या शब्दांत लिहिणं

ही चूक मी स्वतः केली आहे. इंटर्नशिपला असताना बैलहोंगलकडचे एक आजोबा आले, वय सत्तरीचं, जुना मधुमेह. छातीवर हात फिरवत म्हणाले, "एदी उरी." एदी म्हणजे छाती, उरी म्हणजे जळजळ. माझं कन्नड तेव्हा बाजारापुरतं. मी केस शीटवर लिहिलं, "पित्ताचा त्रास." राउंडला सरांनी विचारलं, "पित्त त्यांनी सांगितलं की तू?" लगेच ईसीजी काढला. दुखणं हृदयाचं निघालं. मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसाची छाती पुस्तकातल्यासारखी दुखत नाही, कधी नुसती जळजळते, कधी तर तेवढंही होत नाही.

तेव्हापासून तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहितो, कन्नड असली तर उच्चार तसाच देवनागरीत आणि पुढं अर्थ. निदान खाली, वेगळ्या ओळीत. मराठी घरातल्या पोरांनी कन्नडला नाक मुरडू नये. राजकारण फाटकाबाहेर. वॉर्डात एका खाटेवर चंदगडची मावशी असते आणि शेजारच्या खाटेवर गोकाकचे काका. नातेवाइकाला दुभाषी केलात तर तो बापाची दारू हमखास लपवतो.

औषधांचा घोळ याहून मोठा. "गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं की उत्तर येतं, "हो, बीपीची." प्लास्टिकच्या पिशवीतून निघतात कापलेल्या स्ट्रिप्स, नाव छापलेला तुकडा नेमका फेकलेला. त्यातली एखादी रक्त पातळ करणारी निघाली की ऑपरेशनची तारीखच हलते. त्यातलीच क्लोपिडोग्रेल हृदयाच्या बायपासच्या आधी साधारण पाच दिवस थांबवावी लागते. म्हणून घरच्यांना फोन लावायला सांगा आणि डब्यातल्या सगळ्या पाकिटांचे फोटो मागवा. मी आता गोळीचा रंग ऐकून काही लिहीत नाही.

लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, त्याच दिवशी भरा, डॉक्टरांची सही त्याच दिवशी घ्या. सहा महिन्यांनी ते डॉक्टर बदलून गेलेले असतात.

ऑपरेशन थिएटरमधली एकच गोष्ट सांगतो. बायपाससाठी पायातली शीर काढताना नवीन हात ती ओढतो आणि शिरेची फांदी बांधताना गाठ मुख्य शिरेला चिकटवून मारतो. तिथे शीर आवळली जाते. शिरेचा मान राखा, घाई सर्जनला असू दे.

गावात डॉक्टर होणं

पीए डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो. स्वतःच्या नावाने चिठ्ठी लिहिणं, पाटी लावणं, सुट्टीत गावात सलाईन लावणं, हे त्याचं काम नाही. सांगायला सोपं आहे, घरी निभावणं अवघड. "एवढं शिकलास, एक सलाईन लाव की, चार पैसे वाचतील," असं मला पहिल्यांदा म्हणाली ती आमची आजीच. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटभर ती माझ्याशी बोलली नाही, आणि पुढं शेजारणीला सांगितलं, "आमच्या पोराला अजून काय येत नाही."