पिट्सबर्गला राहायला येण्याआधी

पिट्सबर्गला यायच्या विचारात असलेली मंडळी फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न भाड्याचा असतो. मी आधी दुसरंच सांगते: हे शहर स्वस्त का आहे ते समजून घ्या. ते कळलं की कुठे राहायचं आणि घर बघताना काय तपासायचं, याची निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

1950 मध्ये इथे 6 लाख 76 हजार माणसं राहत होती. 2020 च्या जनगणनेत 3 लाख 3 हजार भरली. 1980 च्या दशकात पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले, तरुण पोरं कामासाठी दुसऱ्या राज्यांत गेली, घरं मागे राहिली. दुपटीहून जास्त माणसांसाठी बांधलेल्या शहरात आपण राहायला येतो, म्हणून ते आपल्याला परवडतं.

मी सात वर्षांपूर्वी जर्सी सिटीहून आले. पहिल्या थंडीत स्वेटर घ्यायला होमस्टेडच्या वॉटरफ्रंट या बाजारसंकुलात गेले, तर दुकानांच्या कडेला विटांच्या बारा उंच चिमण्या ओळीने उभ्या. तिथला पोलाद कारखाना 1986 मध्ये बंद झाला, तेवढ्या चिमण्या राहिल्या. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचे खात्यात होते. 1982 च्या संपात गेलेलं काम त्यांना परत मिळालं नाही. लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल झाल्यावर आम्ही त्यांना एकदा घेऊन गेलो होतो. ते आत आलेच नाहीत, बाहेरच चिमणीकडे बघत उभे राहिले. होमस्टेडला मीही तशीच उभी राहिले. त्या दिवसापासून हे शहर मला परकं वाटलं नाही.

आता कामाचं. इथल्या नोकऱ्या मोजक्या ठिकाणी एकवटलेल्या आहेत. शहरातल्या सर्वांत उंच, पोलाद कंपनीने बांधलेल्या इमारतीवर आज यूपीएमसी या रुग्णालय समूहाचं नाव झळकतं, यातच सगळं आलं. रुग्णालयं, कार्नेगी मेलन आणि पिट (म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठ) ही दोन विद्यापीठं, रोबोटिक्स, एखादी मोठी बँक, ड्युओलिंगोसारख्या काही कंपन्या. तुमचं काम यात बसत असेल तर जरूर या. नसेल, तर स्वस्त भाड्याच्या ओढीने येऊ नका. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. न्यू जर्सीत तेवढ्यात दहा ठिकाणी अर्ज जातात, इथे तुमच्या कामाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून मी सगळ्यांना सांगते, भाड्यात वाचलेले पहिल्या वर्षाचे पैसे बाजूला ठेवा, त्यांना हात लावू नका. कंपनी तीच ठेवून दुसऱ्या शहरातून येत असाल तर कामाची जागा बदलण्याआधी एच-वन-बीची सुधारित याचिका दाखल झाली आहे ना, हे वकिलाकडून लेखी घ्या. घराचा पत्ता बदलल्यावर इमिग्रेशन खात्याला 10 दिवसांत कळवायचं असतं. घाईगडबडीत हेच राहून जातं.

जागा शोधताना नकाशावरच्या अंतरावर विश्वास ठेवू नका. हे डोंगरांचं शहर आहे, इथे आठशेच्या आसपास सार्वजनिक जिने आहेत आणि नकाशात रस्ता म्हणून दिसणारी काही नावं प्रत्यक्षात जिनेच आहेत. माझं पहिलं घर असंच होतं. बसथांबा नकाशावर पाच मिनिटांवर, प्रत्यक्षात टेकडी उतरून. जानेवारीत त्या पायऱ्यांवर बर्फाचा काचेसारखा थर बसला आणि मी कठड्याला धरून, बसून बसून खाली उतरले. करार संपला तशी स्क्विरल हिलला आले. गाडी नसेल तर हा भाग, त्याला लागून असलेलं ग्रीनफिल्ड किंवा ओकलंड बघा. 61 क्रमांकाच्या बसगाड्या विद्यापीठांवरून थेट डाउनटाउनला जातात. कार्नेगी मेलन आणि पिटच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बसचं तिकीट पडत नाही. विमानतळावरून सामान घेऊन येताना 28एक्स बस ओकलंडपर्यंत आणते. गाडी असेल तर मनरोव्हिल हे उपनगर सोयीचं, आपला किराणाही तिथे मिळतो. जवळच पेन हिल्समध्ये टेकडीवर श्री व्यंकटेश्वराचं मंदिर आहे, 1970 च्या दशकात उभं राहिलेलं, अमेरिकेतल्या जुन्या मंदिरांपैकी एक.

फारच स्वस्त घर दिसलं की आधी त्या गावात किराण्याचं दुकान आणि दवाखाना आहे का ते बघा. ब्रॅडॉकमध्ये अँड्र्यू कार्नेगीचा 1875 चा पोलाद कारखाना अजून चालू आहे, पण तिथलं रुग्णालय 2010 मध्ये बंद झालं. माणसं निघून गेल्यावर त्यांच्यामागून काय काय जातं, ते तिथे दिसतं.

घर बघायला गेलात की आधी तळघरात उतरा. भिंतींना ओल, गंजलेला बॉयलर, जुन्या वायरिंगचे तुकडे, सगळं तिथेच कळतं. बहुतेक घरं तुमच्याआमच्या आजोबांच्या वयाची आहेत. 1978 च्या आधीच्या घरात रंगात शिसं असू शकतं. लहान मूल असेल तर हे सोडून देऊ नका. 2016 मध्ये नळाच्या पाण्यातल्या शिशानेही केंद्र सरकारची मर्यादा ओलांडली होती. त्यानंतर पाइप बदलण्याचं मोठं काम झालं, तरी तुमच्या घराला येणारा पाइप शिशाचा आहे का, हे विचाराच. भाड्याने घेत असाल तर मागच्या जानेवारी-फेब्रुवारीचं गॅसचं बिल मागा. मी मागितलं नव्हतं. जर्सीच्या मानाने भाड्यात जे वाचलं, त्यातलं बरंच त्या हिवाळ्यात खिडक्यांच्या फटींतून बाहेर गेलं.

विकत घेणार असाल तर रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा घातक वायू, तपासा आणि सांडपाण्याच्या नळात कॅमेरा घालून बघा. इथल्या बऱ्याच वस्त्यांखाली कोळशाच्या जुन्या खाणी आहेत. जमीन खचली तर नेहमीचा घरविमा भरपाई देत नाही, त्यासाठी पेनसिल्व्हेनिया राज्य सरकार वेगळा विमा देतं. आणि मालमत्ता कराचा हिशेब मागच्या मालकाच्या पावतीवरून करू नका. तुम्ही जास्त किमतीला घर घेतलंत की त्या किमतीच्या आधारे मूल्यांकन वाढवून घ्यायला शाळा मंडळ अपील करू शकतं.

पगारातून राज्याचा 3.07 टक्के कर जातो. त्यावर शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांना शहर आणि शाळा मिळून आणखी 3 टक्के पडतो, बऱ्याच उपनगरांत हाच 1 टक्का असतो. दोन ठिकाणच्या भाड्यांची तुलना हा फरक धरूनच करा.

हवेचंही सांगायला हवं. दक्षिणेला क्लेअरटनला दगडी कोळशापासून पोलादासाठी लागणारा कोक बनवण्याचा कारखाना चालू आहे. काही सकाळी थंड हवा दरीत अडकते आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. दम्याचा त्रास असेल तर मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यात घर घेऊ नका.

इथली माणसं मात्र बोलकी आहेत. 'तुम्ही सगळे' म्हणायला त्यांचा स्वतःचा शब्द आहे, 'यिन्झ'. बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या पार्किंगमध्ये कुणी खुर्ची ठेवली असेल तर ती हलवू नका, ती जागा त्याची. माझ्या शेजारच्या आजींचे यजमान हेझलवूडच्या पोलाद कारखान्यात होते. त्याच जागेवरच्या मिल 19 च्या जुन्या सांगाड्यात आता रोबोटिक्सवर काम चालतं, आणि तिथे आमच्या ओळखीचा सांगलीचा एक मुलगा नोकरीला लागला. आजींना सांगितलं, तर त्यांनी त्याला रविवारी जेवायला बोलावलं. यजमानांची पाळी कुठल्या दारातून आत जायची, हे त्यांना त्याला सांगायचं होतं.

जमलं तर करारावर सही करण्याआधी एकदा फेब्रुवारीत या. मेमध्ये हे शहर हिरवंगार असतं आणि कुणालाही आवडतं. फेब्रुवारीत आठवडाभर ऊन पडत नाही, तेव्हा संध्याकाळी साडेपाचला कामावरून निघून बसने त्या घरापर्यंत जाऊन बघा.